पायथॉनमध्ये मराठी शब्द उलटा करायचा, तर ‘एक अक्षर’ कशाला म्हणायचं?

शाईदौत
नमस्कार मंडळी,

सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांना मी मराठीतून पायथॉन शिकवते. स्ट्रिंगच्या धड्यात विलोमपद (उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य) ओळखण्याचा प्रोग्रॅम हा ठरलेला स्वाध्याय: स्पेस काढा, स्ट्रिंग उलटी करा, दोन्ही सारख्या आल्या की ‘हो’ छापा. पुस्तकातली उदाहरणं सगळी इंग्रजी. मुलांना म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहेत का? ‘रामाला भाला मारा’ घाला, ‘ती होडी जाडी होती’ घाला. प्रोग्रॅम दोन्हींना ‘नाही’ म्हणतो.

का म्हणतो ते कळतंय. ‘रा’ आपल्याला एक अक्षर, पायथॉनला दोन: र आणि काना. [::-1] ने उलटवलं की काना पुढे आणि र मागे. ‘नमस्ते’ उलटवलं तर सुरुवातीलाच ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर मात्रा. लेन() विचारलं तर लांबी ६: न, म, स, हलन्त, त, मात्रा.

दोन प्रश्न आहेत. एक, बाहेरची लायब्ररी न घेता मुलांना झेपेल असा उपाय कोणता? शाळेच्या संगणकांवर नुसतं पायथॉन आहे, नेट नाही. दुसरा, ‘नमस्ते’मध्ये अक्षरं किती? वर्गात ३, ४ आणि ६ अशी तिन्ही उत्तरं आली आणि तिन्हींच्या बाजूने मुलं तावातावाने बोलली.

बोरूबहाद्दर
३. न-म-स्ते. पुढचा प्रश्न.

डेटाकाका
बोरूबहाद्दर, भाषेच्या तासाला ३ बरोबर. संगणकाच्या तासाला आधी ‘कोण मोजतंय’ हे विचारावं लागतं.

‘ज्ञानेश्वर’ घ्या. आपण वाचतो ज्ञा-ने-श्व-र, म्हणजे ४. युनिकोडचे (सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) कोडपॉइंट, म्हणजे क्रमांक मिळालेली सुटी चिन्हं, मोजले तर ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे १०. पायथॉन ३ चं लेन() हे १० सांगतं, जावा आणि जावास्क्रिप्टही १० सांगतात. देवनागरीचा मुख्य गठ्ठा यू+०९०० पासून १२८ जागांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (हे क्रमांक साठवायच्या नेहमीच्या रीतीत) त्यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. त्यामुळे गो भाषेत किंवा रस्टमध्ये त्याच नावाची लांबी विचारली तर ३० येते, कारण त्यांचं लेन बाइट मोजतं.

४, १० आणि ३० ही तिन्ही उत्तरं खरी आहेत. मुलांना हे एका नावावर दाखवा. पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

टोरांटोकर
काकांच्या यादीत एक पायरी राहिली. युनिकोडमध्ये ‘ग्राफीम क्लस्टर’ नावाची व्याख्या आहे: वाचणाऱ्याला जे एक चिन्ह वाटतं ते. स्विफ्ट भाषेत स्ट्रिंगचं काउंट मोजताना हेच एकक धरतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल-सेगमेंटर आहे.

पण गंमत अशी की जुन्या नियमात जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं. ‘नमस्ते’ म्हणजे न, म, स्, ते असे ४. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम यांच्यासाठी नियम बदलला: व्यंजन, हलन्त, व्यंजन ही साखळी तोडायची नाही. आता उत्तर ३. ताई, ४ म्हणणारी मुलंही हवेत बोलत नव्हती, ती २०२३ च्या आधीच्या नियमाने बोलत होती. अजूनही एखादी लायब्ररी जुन्या तक्त्यावर असेल तर ‘ज्ञानेश्वर’ ६ तुकड्यांत मोडते.

बोरूबहाद्दर
म्हणजे युनिकोडला ३ वर यायला २०२३ उजाडावं लागलं. आमच्या पहिलीच्या बाईंनी पाटीवर शिकवलं होतं.

कृष्णाकाठ
आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. हा प्रश्न आमच्याकडे थेट पैशात येतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मजकुरात एक जरी देवनागरी चिन्ह आलं की सगळा संदेश दुसऱ्या कोडिंगमध्ये जातो आणि मर्यादा ७० होते. लांब संदेश तुकड्यांनी गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७ च. आणि हे ७० कोडपॉइंटच्या हिशेबाने, वाचायच्या अक्षरांच्या नाही. सभासदाचं नाव ‘ज्ञानेश्वर’ असेल तर १० तिथेच गेले.

म्हणून हप्त्याची आठवण पाठवताना आम्ही शब्द निवडूनच घेतो. ‘कृपया’ लिहावं असं फार वाटतं, पण त्याचे ५ जातात.

पोस्टाचीपेटी
डेटाबेसमध्येही तेच. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी ३० लिहिली आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे ते ३० बाइट. त्यात मराठी चिन्हं १० मावतात. मायएसक्यूएल त्याच जागी अक्षरं मोजतो. एकाकडून दुसरीकडे डेटा हलवताना इंग्रजी नावं सुखरूप जातात, मराठी नावांवर गाडी अडते. कुणी बाइट मोजून स्ट्रिंग २० वर कापली तर शेवटचं चिन्ह अर्धवट उरतं, कारण २० ला ३ ने भाग जात नाही. मग पायथॉन डीकोड करायला नकार देतं, आणि ते योग्यच करतं.

निळीशाई
थोडा विरोधी सूर लावते. नववीच्या मुलांना स्ट्रिंग उलटवायला शिकवताना युनिकोड, क्लस्टर, कोडिंग हे सगळं कशाला? आधी इंग्रजी शब्दांवर लूप, इंडेक्स, स्लाइस पक्कं होऊ दे. तर्क एकदा बसला की मराठीची गुंतागुंत पुढे समजेल. पहिल्याच पायरीवर ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मूल घाबरेल.

शाईदौत
निळीशाई, वर्गात मी उलटं पाहिलं. वर्तुळ दिसल्यावरच मुलं जागी झाली. इंग्रजी शब्दांवर प्रोग्रॅम चालला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. ‘रामाला भाला मारा’ला ‘नाही’ आलं तेव्हा अख्खा वर्ग फळ्यापाशी. इंडेक्स म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी खरं समजलं, कारण ‘रा’च्या आत दोन खण आहेत हे डोळ्यांना दिसलं.

शिवाय या मुलांची नावं मराठी, गावं मराठी. ती उद्या जे प्रोग्रॅम लिहितील त्यांत हीच नावं येणार.

वेलांटी
ताईंशी पूर्ण सहमत, आणि त्याचं कारण ऐका. पायथॉनमध्ये स्ट्रिंग नुसत्या अक्षरांची आहे का हे तपासायला इज-अल्फा() आहे. ‘कमल’ दिलं तर ‘हो’. ‘सुनीता’ दिलं तर ‘नाही’! कारण उकार, वेलांटी, काना यांना युनिकोड ‘अक्षर’ या वर्गात धरत नाही, ‘चिन्ह’ या वर्गात धरतं. कमलला काना-मात्रा नाही म्हणून ती सुटली.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सोयीत) तोच सापळा. पायथॉनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्द शोधायला तिरकी रेघ-डब्ल्यू वापरलं की ‘नमस्ते’चे दोन तुकडे हातात येतात: ‘नमस’ आणि ‘त’. हलन्त आणि मात्रा गळून पडतात. मराठी मजकुरातले शब्द मोजणारे कितीतरी प्रोग्रॅम याच कारणाने चुकीचे आकडे देतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

एका सरकारी ऑनलाइन अर्जात माझ्या आजीचं नाव ‘अवैध अक्षरे’ म्हणून परत आलं होतं. आत काय लिहिलं होतं ते मला दिसलं नाही, पण लक्षण हेच. माणसाचं स्वतःचं नाव अवैध ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला जाऊ नये, एवढ्यासाठी तरी हे नववीत शिकवा.

आडवाटेचा
लई भारी धागा. वेलांटीताईंच्या मुद्द्यात भर. ज्या ‘मराठी’ शब्दाला इज-अल्फा() नाकारतं, तोच शब्द व्हेरिएबलचं नाव म्हणून पायथॉन ३ आनंदाने घेतं! शब्द, उलटा, अक्षरे अशी नावं देऊन प्रोग्रॅम लिहिता येतो. इंट() ला ‘१२३’ ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग दिली तरी तो आकडा बरोबर काढतो. फक्त कोडमध्ये थेट आकडा म्हणून १२३ लिहिला तर चालत नाही, तिथे इंग्रजी अंकच हवेत. मुलांना करून बघायला द्या.

निळीशाई
‘सुनीता’चं उदाहरण पटलं. माझा आक्षेप क्रमापुरता ठेवते: आधी इंग्रजी, पण त्याच तासाला लगेच मराठी.

रफार
माझ्या नावाला जागून एक मुद्दा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा दुसरा र संगणकात दोन रीतींनी साठवलेला सापडतो. एक, ऱ (यू+०९३१) आणि त्याला हलन्त. दुसरी जुनी रीत: साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण दोन्हींची तुलना केली तर पायथॉन ‘वेगळे’ म्हणणार, आणि शोध घेतला तर एक सापडेल, दुसरा नाही.

आता खरा घात बघा. डेटा ‘स्वच्छ’ करण्याच्या नावाखाली बरेच जण अदृश्य चिन्हं सरसकट उडवतात. जॉइनर उडाला की ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चं ‘सह्याद्रीच्या दर्या’ होतं. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि स्वयंपाकघरातला माणूस गुरुकुलात जातो! मराठीचा मजकूर हाताळणाऱ्याने आधी जुन्या रीतीचा र नव्या रीतीत बदलून घ्यावा, मगच झाडू मारावा.

डेटाकाका
रफार, उत्तम. यात नॉर्मलायझेशनची, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळं साठवलेलं असेल तर ते एका रूपात आणण्याची, हद्दही सांगायला हवी. ‘यूनिकोडडेटा’ मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं, त्यात नॉर्मलाइझ() आहे. कुणी साधा र आणि खाली नुक्ता असं टाइप केलं असेल तर एनएफसी प्रकार त्याचा एकसंध ऱ करून देतो. जॉइनरवाल्या रीतीला मात्र तो हात लावत नाही. ते काम आपणच रिप्लेस() ने करायचं.

सदाशिव_पेठ_ते_सिडनी
आणि ‘ॲप’? ॲ हे एकसंध अक्षर (यू+०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ करायचे, अजूनही करतात. हिंदीच्या कीबोर्डवरून येणारा ‘ऍ’ तिसराच. या तिघांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे कोणताही नॉर्मलायझेशन प्रकार त्यांना एकत्र आणत नाही. ‘ॲम्ब्युलन्स’ शोधणाऱ्या माणसाला यादीतली ‘अॅम्ब्युलन्स’ सापडत नाही, हा प्रकार गंभीर आहे.

मी ज्या ज्या मराठी साइटवर काम केलं तिथे शोधाच्या आधी ही तिन्ही रूपं एका रूपात आणणारा छोटा तक्ता बसवला. ते काम तासाभराचं आहे. ते केलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

ग्रंथपाल
विषयांतराबद्दल आधीच क्षमस्व, पण ॲ निघाला म्हणून. आमच्या वाचनालयाची यादी सॉर्ट() ने लावून दिली होती. पायथॉनचा साधा सॉर्ट कोडपॉइंटच्या क्रमाने जातो. ॲ ला जागा उशिरा मिळाल्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारी पुस्तकं यादीच्या तळाशी, ह च्याही खाली, देवनागरी अंकांच्याही खाली. ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो ना! क्ष आणि ज्ञ ही क आणि ज च्या पोटात. वाचक कपाटापाशी उभे राहून विचारायचे, ‘ज्ञ कुठे?’

मोडीप्रेमी
ग्रंथपाल, क्ष-ज्ञ वर्णमालेच्या शेवटी घ्यायचे की क-ज मध्ये, यावर कोशकारांचंही एकमत नाही. जोडाक्षर म्हणून क आणि ज मध्ये लावणं मला तरी शास्त्रशुद्ध वाटतं.

ग्रंथपाल
शास्त्रशुद्ध असेल हो, पण वाचक बालवाडीतल्या तक्त्याचा क्रम मनात धरून येतो. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीला मराठी लोकेल (भाषेची निवड) सांगितलं तर मराठीचा क्रम मिळतो, ळ ह नंतर येतो. आमच्याकडे आता तेच चालू आहे आणि वाचकांची तक्रार थांबली आहे.

मोडीप्रेमी
वाचकांसाठी तेच ठेवा. माझा हट्ट कोशापुरता.

जुनेखिळे
तुम्ही सगळे युनिकोडच्या सुखात आहात. मी जुन्या फॉन्टांमधले मजकूर युनिकोडमध्ये आणतो. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं होतं आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली. पण छपाईचं जग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांवर चाललं. तिथे साठवलं जातं ते अक्षराचं चित्र. फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरांची खिचडी.

त्यात सगळ्यात अवघड म्हणजे पहिली वेलांटी. ‘कि’ लिहिताना ती डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टांत क च्या आधी साठवलेली. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. ‘स्थिती’सारखा शब्द आला की वेलांटी उचलून पूर्ण ‘स्थ’ ओलांडून पुढे न्यावी लागते. नुसती एक जागा सरकवली तर शब्द मोडतो. रफार याच्या उलट: जुन्या फॉन्टांत अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे इथेही जोडाक्षराची सीमा ओळखता येणं हेच मूळ काम. शाईदौत, तुमचा प्रश्न सोडवला की माझं निम्मं काम तुमची मुलं करू शकतील.

जुने दिवाळी अंक अशा फाइलींमध्ये अडकून पडलेत. ते वाचवता येतात, आणि वाचवायला हवेत.

बोरूबहाद्दर
इतकं सगळं झालं, विलोमपदं कुणी दिलीच नाहीत. ‘टेप आणा आपटे’. घ्या.

आडवाटेचा
‘तो कवी डालडा विकतो’.

वेलांटी
‘चिमा काय कामाची’. माझ्या आजोबांचं आवडतं.

डेटाकाका
आपट्यांकडचा टेप येईपर्यंत मूळ प्रश्नाकडे वळतो. बाहेरची लायब्ररी न घेता, दहा-बारा ओळींत होणारी रीत अशी.

अक्षरांची एक रिकामी लिस्ट घ्या. स्ट्रिंगवर लूप फिरवा. प्रत्येक चिन्हासाठी यूनिकोडडेटाचं कॅटेगरी() विचारा. उत्तर ‘एम’ने सुरू झालं तर ते काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, हलन्त यांपैकी काहीतरी आहे: लिस्टमधल्या शेवटच्या अक्षराला चिकटवा. शेवटचं अक्षर हलन्ताने संपत असेल आणि आताचं चिन्ह व्यंजन असेल, तरीही चिकटवा. ते जोडाक्षर झालं. झीरो विड्थ जॉइनर आला तर चिकटवा आणि पुढचं व्यंजनही जोडू द्या. नॉन-जॉइनर आला तर चिकटवा, पण पुढचं जोडू नका, कारण लिहिणाऱ्याने तो पाय मोडका ठेवण्यासाठीच घातला आहे. बाकी काहीही आलं तर लिस्टमध्ये नवीन अक्षर सुरू.

मग तुलना लिस्टची करायची, स्ट्रिंगची नाही. लिस्ट उलटी केली तर ‘रा’ अखंड राहतो.

जुनेखिळे
काका, एक जागा सांभाळा. स्पेस आधी काढायची नाही. ‘अर्थात् तो’ यातली स्पेस आधी उडवली तर त् आणि तो जुळून ‘त्तो’ हे नसलेलं जोडाक्षर तयार होतं. आधी अक्षरं पाडा, मग लिस्टमधून स्पेस आणि विरामचिन्हं वगळा.

डेटाकाका
अगदी बरोबर. क्रम तोच ठेवा, ताई.

शाईदौत
मंडळी, आज वर्गात काकांची रीत आणि जुनेखिळेंचा क्रम, दोन्ही घेऊन बसलो. मुलांनी व्हेरिएबलची नावं मराठीत दिली. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘टेप आणा आपटे’ तिन्हींना ‘हो’. ‘नमस्ते’ ३, ‘ज्ञानेश्वर’ ४.

‘चिमा काय कामाची’ आणि ‘तो कवी डालडा विकतो’ यांना ‘नाही’ आलं. एकात चि आणि ची, दुसऱ्यात वी आणि वि. एक मुलगी म्हणाली, बोलताना तर दोन्ही सारखंच ऐकू येतं. दुसरा म्हणाला, शुद्धलेखनात मार्क जातात मग इथे का नाही? तुम्ही काय कराल?

मोडीप्रेमी
‘नाही’च ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत.

वेलांटी
मुळीच नाही! विलोमपदं तोंडी पिढ्यानपिढ्या आलेली आहेत, कागदावर नंतर आली. ऐकू येतं ते खरं. माझ्या आजोबांच्या चिमाला ‘हो’ मिळालंच पाहिजे.

टोरांटोकर
दोघांचंही ठेवता येतं. प्रोग्रॅमला एक पर्याय द्या: कडक की सैल. सैल असेल तर तुलनेआधी ट्रान्सलेट() (तक्त्याप्रमाणे एका चिन्हाजागी दुसरं घालणारं) वापरून वेलांट्या आणि उकार दीर्घ करून घ्यायचे. इ-ई आणि उ-ऊ ही सुटी अक्षरंही विसरू नका, म्हणजे तक्त्यात चार जोड्या. मुलांना ट्रान्सलेट() शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

शाईदौत
हे छान. उद्या हेच. वर्गाने हट्ट धरलाय की चाचणीसाठी जोडाक्षर असलेली विलोमपदं हवीत, वरच्या सगळ्यांत एकही जोडाक्षर नाही. कुणाला सुचत असतील तर इथे टाका, अर्थ लागला पाहिजे एवढीच अट.

रफार
मी बसलो आहे विचार करत. आडवा र घालून एखादं जमलं तर दोन्ही रीतींनी टाइप करून टाकतो, म्हणजे तीही चाचणी होईल.